केळीच्या लॅबने जनुक-बदललेल्या हेंपचं काम घ्यावं का?

बाटलीवाली

नाव वाचून हसू नका, बाटल्या टिश्यू कल्चरच्या आहेत, म्हणजे झाडाच्या तुकड्यातून बाटलीत रोपं वाढवायच्या. उरुळी कांचनच्या अलीकडे माझी छोटी लॅब आहे, सतरा वर्षं झाली. मुख्य काम जी-नाईन केळीचं, थोडं जरबेरा, कुणी मागितलं तर हळद. दोन लॅमिनार, एक म्हातारा ऑटोक्लेव्ह, सहा बायका आणि मागे शेडनेट. एवढाच पसारा.

मागच्या आठवड्यात एक गृहस्थ आले. बाणेरला ऑफिस आहे म्हणाले. बूट बाहेर काढायला सांगितले तर जरा नाराज झाले, मग लॅपटॉप उघडून तासभर बोलत बसले. सांगणं असं की हेंपच्या झाडात क्रिस्परने, म्हणजे जनुक कापायच्या कात्रीने, जनुक बदलायचं, म्हणजे सीबीडी दुप्पट आणि टीएचसी शून्य. सीबीडी औषधी तेलात जातं, टीएचसीने नशा चढते, एवढं मला आधीच ठाऊक होतं. पुढे म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त कॅलस करा, त्यात आमचं जनुक सोडा आणि रोपं वाढवून द्या. केळीपेक्षा सोपं आहे." पहिल्या टप्प्याला पन्नास हजार रोपं. जाताना टेबलावर पाकीट ठेवून गेले. ते कपाटात आहे, मी उघडलेलं नाही.

"केळीपेक्षा सोपं" हे मला खटकलं. केळीत मी कॅलस, म्हणजे पेशींचा बेढब गोळा, करतच नाही. सकर सोलून आतला कोंब काढायचा, त्याला बगलेतून फुटवे आणायचे, आणि आठ सब-कल्चर (फुटवे वेगळे करून नव्या बाटलीत लावणं) झाले की ती लाइन बंद. त्यापुढे गेलं की बागेत वेडीवाकडी झाडं निघतात आणि शेतकरी फोन करून माझा उद्धार करतो. मुद्दाम कॅलस करायचा, त्यातून झाड उठवायचं आणि वर जनुकही बदलायचं, हे मी कधी केलेलं नाही.

ह्यांचं म्हणणं, पैसे परत कर आणि विषय संपव. सासूबाई तर म्हणाल्या, गांजाच्या रोपांना पाणी घालायला आपल्या बायका जाणार नाहीत. मला मात्र मनापासून कुतूहल आहे. असं खरंच होतं का? आणि झाडातून सीबीडी काढायचं तर बाटलीतल्या कॅलसमधूनच का नाही काढत, शेतात जायचंच कशाला?

---

भीमाकाठ

ताई, हेंप म्हणजे तागच ना? आमच्याकडं ऊस लावायच्या आधी ताग पेरतात आन् फुलावर आला की रोटर मारून गाडतात. बियाच्या पिशवीवर इंग्रजीत हेंपच लिहिलेलं असतंय, मी सोता वाचलंय. त्यात कसली आलीय नशा? आमची म्हैस तर त्याला तोंड लावत न्हाई.

---

पाषाण रिटर्न

भीमाकाठ दादा, पिशवीवर "सन हेंप" असणार. तो आपला ताग, क्रोटालेरिया जुन्सिया, शेंगवर्गातला. अंबाडीलाही इंग्रजीत काही जण हेंप म्हणतात. तिचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस, कारण तिचं बोटांसारखं फाटलेलं पान गांजाच्या पानासारखं दिसतं. दोरखंडाला उपयोगी पडणारं जे जे दिसलं त्याला इंग्रजांनी हेंप म्हणून टाकलं. ताईंकडे आलेला हेंप म्हणजे कॅनाबिस सटायव्हा. भांग, गांजा, चरस देणारं तेच झाड, फक्त नशेचा अंश कमी असलेले वाण निवडून जपलेले.

आता ताई तुमचं. मी कॅनडात चार वर्षं याच झाडाच्या मागे होतो, म्हणून लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

आधी कॅलसमधून सीबीडी काढण्याचं. नाही निघत. ही द्रव्यं झाडात सगळीकडे तयार होत नाहीत. मादी फुलांच्या आसपासच्या पानोळ्यांवर दवबिंदूसारख्या दिसणाऱ्या बारीक ग्रंथी असतात, भिंगातून पाहिलं तर टाचणीच्या डोक्यासारख्या. कारखाना तिथे आहे. कॅलस म्हणजे आकार नसलेला पेशींचा गोळा, त्यावर ग्रंथीच नाहीत. शिवाय हा माल झाडाच्या स्वतःच्या पेशीलाही विषारी आहे. जपानी संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं की टीएचसीचं आम्ल पेशींवर घातलं तर पेशी मरतात. म्हणून झाड शेवटची पायरी पेशीच्या आत करतच नाही. ग्रंथीच्या टोकाला जी पोकळी असते तिच्यात एन्झाइम सोडतं आणि माल तिथेच साठवतं. तुमच्या बाटलीत ही पोकळी आणणार कुठून?

दुसरं, सीबीडी दुप्पट आणि टीएचसी शून्य. गुऱ्हाळ डोळ्यासमोर आणा. रस एकच, त्याची काकवी करा, गूळ करा नाहीतर साखर. हेंपमध्ये तो रस म्हणजे सीबीजीए. मेदाम्लाकडून आलेला एक तुकडा आणि टर्पिनांच्या घरातला दुसरा तुकडा जोडून तो बनतो. या रसावर तीन एन्झाइमं टपलेली असतात. एक त्याचं टीएचसीए करतं, दुसरं सीबीडीए, तिसरं सीबीसीए. शेवटचा "ए" म्हणजे आम्ल. उष्णता लागली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी किंवा सीबीडी उरतं. कच्चा पाला नुसता चघळून फार काही होत नाही ते यामुळेच.

म्हणजे टीएचसीवाल्या एन्झाइमचं जनुक क्रिस्परने कापलं की काम झालं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण एक तर या जनुकाच्या अर्धवट, मोडक्या, एकमेकांसारख्या नकला गुणसूत्रावर विखुरलेल्या असतात. आणि खरी मेख वेगळीच आहे. सीबीडीए करणारं एन्झाइमही तितकंसं नेटकं काम करत नाही. सीबीडी करता करता थोडं टीएचसी सांडतं. साधारण वीस-पंचवीस भाग सीबीडीमागे एक भाग. आता हिशेब करा. पंचवीसला एक धरलं तर फुलात ८ टक्के सीबीडी झालं की टीएचसी ०.३२ टक्के. अमेरिकेच्या २०१८ च्या शेती कायद्याने मर्यादा घातली आहे ०.३ टक्क्यांची. टीएचसीचं स्वतःचं जनुक झाडात नसतानाही पीक मर्यादेबाहेर! तुमचे बाणेरचे पाहुणे सीबीडी दुप्पट करणार म्हणजे हे सांडणंही दुप्पट होणार. ते थांबवायचं तर सीबीडीवाल्या एन्झाइमचीच घडण बदलावी लागेल, म्हणजे एका जनुकाला कात्री लावून भागत नाही, दुसरं जनुक सुधारून लिहावं लागतं. त्यांना एवढंच विचारा की सीबीडी सिंथेजची, म्हणजे या सीबीडीवाल्या एन्झाइमची, गळती कशी थांबवणार. बाकीच्या स्लाइड आपोआप उलगडतील.

(जाता जाता: हा ०.३ आकडा नशेवरून ठरलेला नाही. अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये वर्गीकरणाच्या सोयीसाठी झाडांच्या दोन गटांमध्ये ती रेघ मारली होती. पुढे कायदे करणाऱ्यांनी ती उचलली आणि आता शेतकऱ्यांची उभी पिकं तिच्यापायी जाळावी लागतात.)

आता तुम्हाला जे खटकलं ते. अगदी बरोबर खटकलं. जनुक म्हणजे युरिया नव्हे, मीडियात (बाटलीतल्या खाद्यात) सोडला आणि शोषला गेला असं होत नाही. ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा मातीतला जिवाणू, जो द्राक्षाच्या बुंध्यावर गाठी आणतो, त्याच्या पाठीवर बसवून ते पेशीत पाठवावं लागतं. शंभरातल्या मोजक्या पेशींत शिरतं. आणि मग त्या एका पेशीपासून अख्खं झाड उठवावं लागतं. तंबाखूत हे कॉलेजची मुलं करतात. हेंपमध्ये हाच घाट चढवत नाही.

मी पानांच्या चकत्या लावल्या, देठ लावले, अंकुराचे दांडे लावले. टीडीझेड हे कोंब फोडायचं संप्रेरक कमी-जास्त करून पाहिलं. कॅलस असा यायचा की बघत राहावं, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा. मुळंही फुटायची. कोंब नाही. चार वर्षांत माझी मुलगी तिथे चालायला शिकली, बोलायला शिकली, पण माझ्या कॅलसला काही कोंब आला नाही. शेवटी ग्रँट संपली आणि आम्ही पाषाणला परत आलो. आईने विमानतळावर पहिला प्रश्न विचारला, "काय रे, तिकडे गांजावर शिकत होतास म्हणे?"

झालंच नाही कुणाकडून असं नाही. २०२१ मध्ये चिनी संशोधकांनी कोवळ्या गर्भाचे तुकडे घेतले, कोंब फुटायला मदत करणारी जनुकं सोबत घातली आणि क्रिस्परने हरितद्रव्याला सांभाळणाऱ्या रंगद्रव्यांचं एक जनुक बंद करून दाखवलं. पांढरीफटक रोपं आली. पांढरं रोप शेतात जगत नाही, पण पेशीतला बदल रोपापर्यंत पोचला याचा तो डोळ्याला दिसणारा पुरावा. त्यानंतर काम पुढे सरकलंय. तरी ते एखाद्या वाणाचं एखादं रोप मिळवणं आहे, पन्नास हजारांची ऑर्डर नव्हे.

आणि रोप मिळालं तरी आतलं कात्रीचं जनुक बाहेर काढायला पुढची पिढी घ्यावी लागते. इथे नर वेगळा, मादी वेगळी. बी धरलं की निम्मी झाडं नर, म्हणजे तुमच्या कामाची नाहीत. मादीवर चांदीच्या क्षाराचं द्रावण मारून तिच्याच अंगावर नर फुलं आणतात आणि त्या परागाने सगळं मादी बी तयार करतात. जुन्या बंगालात गांजाच्या शेतात नर झाडं ओळखून उपटणारे खास पारखी लोक हिंडायचे, १८९३-९४ च्या हेंप ड्रग्ज कमिशनच्या अहवालात त्यांची वर्णनं आहेत. परागकण वाऱ्यावर कित्येक किलोमीटर जातात. शेजारच्या शेतात धाग्याचं हेंप असेल तर तुमची मादी बी धरते आणि द्रव्याचं प्रमाण घसरतं.

दुसऱ्या बाजूने यीस्टवालेही आहेत. बर्कलेतल्या जे कीसलिंग यांच्या गटाने २०१९ मध्ये ही अख्खी साखळी बेकरीच्या यीस्टमध्ये बसवली. साखर घालायची, कॅनाबिनॉइड काढायचं. तेव्हा लिटरमागे मिलिग्रॅमच मिळत होते, पण त्यात नर-मादी नाही, पराग नाही, आणि पोलीसही नाहीत. निदान शेतात तरी नाहीत.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर सीबीडीच्या मागे लागून सगळ्यांनी या झाडातल्या बाकीच्या गोष्टींकडे दुर्लक्ष केलं. कॅनफ्लेव्हिन नावाची दाहशामक द्रव्यं यात आहेत, ती अगदी थोडी सापडतात. त्यांची जनुकं ग्वेल्फ विद्यापीठाने २०१९ मध्ये शोधली. जनुक-अभियांत्रिकी वापरायचीच तर तिथे वापरण्यात अर्थ आहे, कारण झाड स्वतःहून ती पुरेशी देत नाही. सीबीडी तर साध्या निवडीनेही भरपूर मिळतं.

---

शिवाजीनगर पहिला मजला

वर विज्ञान छान झालं, पण ताई, तुमच्यापुढची अडचण विज्ञानाच्या आधी सुरू होते.

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५. त्यात "कॅनाबिस प्लांट" म्हणजे कॅनाबिस प्रजातीचं कोणतंही झाड. टीएचसी किती टक्के, याचा त्या व्याख्येत उल्लेखच नाही. त्यामुळे टीएचसी खरोखर शून्यावर आणलंत तरी कायद्याच्या नजरेत झाड तेच. अमेरिकेच्या ०.३ चा दाखला इथे देऊन उपयोग नाही. विनापरवाना लागवडीला कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. बाटलीतलं रोप हे "झाड" आहे की नाही यावर मी कोर्टात तासभर बोलू शकेन, पण तोपर्यंत तुम्ही कुठे असाल याचा विचार करा.

कलम १४ मध्ये सरकारला औद्योगिक कामासाठी लागवडीची मुभा देता येते, पण धागा, बी किंवा बागकाम एवढ्यापुरतीच. सीबीडी असतं फुलोऱ्यात. आणि फुललेला शेंडा म्हणजेच कायद्यातला "गांजा". म्हणजे त्या गृहस्थांना जे काढायचंय ते नेमकं मुभेच्या बाहेर. वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामाला वेगळी वाट आहे, ती सरकारी परवानगीची. जम्मूची सीएसआयआरची सरकारी संशोधन संस्था तसं काम करते. उत्तराखंडने २०१८ पासून औद्योगिक हेंपचे परवाने दिले, पण तिथला परवाना उरुळीत चालत नाही.

जनुक-संपादनाचं म्हणाल तर ३० मार्च २०२२ च्या केंद्राच्या आदेशाने, बाहेरचा डीएनए शिल्लक नसलेल्या संपादित रोपांना जनुक-बदललेल्या जिवांवरच्या १९८९ च्या नियमांमधल्या काही कलमांतून सूट मिळाली. त्याच वाटेने २०२५ मध्ये भाताचे दोन वाण जाहीर झाले. पण ती सूट जैवसुरक्षेच्या नियमांतून आहे, अमली पदार्थांच्या कायद्यातून नाही. आणि संस्थेची जैवसुरक्षा समिती लागतेच. तुमच्या सहा बायकांमधून ती होणार नाही.

---

भीमाकाठ

वकीलसाहेब, मग महाशिवरात्रीला भांग घेतात ती कशी चालते?

---

शिवाजीनगर पहिला मजला

गांजाच्या व्याख्येतून शेंड्याशिवायची पानं आणि बिया वगळलेल्या आहेत. भांग पानांची. पण पानांवर राज्यांचे स्वतःचे कायदे असतात, तेव्हा तुमची महाशिवरात्र माझ्या भरवशावर साजरी करू नका.

---

बाटलीवाली

सगळ्यांचे आभार. काल फोन केला. पाषाण दादांनी सांगितलेला गळतीचा प्रश्न मी वहीत लिहून घेतला होता, तसाच वाचून दाखवला. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "मॅडम, ते आमचे सायंटिस्ट बघतील, तुम्ही रोपांचं बोला." परवाना मागितला तर व्हॉट्सॲपवर एक फोटो आला, तो उत्तराखंडचा, आणि नाव भलत्याच माणसाचं. मी विचारलं हे कोण. म्हणाले पार्टनर.

पाकीट कुरिअरने परत केलं, पावती ठेवली आहे. ह्यांनी काही न बोलता बाहेरून भेळ आणली.

पण कुतूहल काही जात नाही. केळीत आठ सब-कल्चर मोजण्यात सतरा वर्षं गेली, एका पेशीपासून झाड उठताना एकदा तरी बघायचंय. कायद्याच्या आत राहून काय करता येईल? आणि हेंपच्या बियांचं तेल हडपसरच्या एका दुकानात बघितलं, ते कसं चालतं?

---

पाषाण रिटर्न

तेल चालतं. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, नोव्हेंबर २०२१ मध्ये हेंपचं बी, बियांचं तेल आणि पीठ अन्न म्हणून मान्य केलं. बीमध्ये ग्रंथी नसतात, त्यामुळे द्रव्यं जवळपास नसतातच. त्या तेलावरही गमतीचं काम झालंय. यॉर्क विद्यापीठाने २०१४ मध्ये तेल लवकर खवट होऊ नये म्हणून ओलेइक आम्ल वाढवलेलं हेंप केलं, तेही बाहेरचं जनुक न घालता. बियांवर रसायनाने उत्परिवर्तनं घडवली आणि हव्या त्या जनुकात बदल झालेली झाडं डीएनए तपासून निवडली. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या बीएआरसीने (भाभा अणुसंशोधन केंद्राने) किरणं मारून भुईमूग सुधारला त्याच घराण्यातली पद्धत. भीमाकाठ दादांनी त्यातला टॅग-२४ हा वाण पेरला असेलच.

तुमच्यासाठी तंबाखू. हसू नका. पान कापा, एमएस मीडियावर बीएपी आणि थोडं ऑक्झिन (दोन्ही वाढीची संप्रेरकं) द्या, महिन्याभरात कापलेल्या कडेला हिरवे ठिपके दिसतील आणि त्यातून कोंब वर येतील. यात जनुकाला हात लावायचा नाही, तेव्हा समिती वगैरे काही लागत नाही. ते जमलं की ब्राह्मी करून बघा. तिचं पान मीडियावर ठेवलं तरी कोंब येतात आणि तिला गिऱ्हाईकही आहे.

आमचे सर १९९० ची गोष्ट सांगायचे, इथल्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) बाटलीतला बांबू फुलला होता तेव्हाची. जे झाड रानात फुलायला कित्येक दशकं घेतं ते काही महिन्यांत बाटलीत फुललं, नेचरमध्ये छापून आलं आणि पाषाण रस्त्यावर बघ्यांची रीघ लागली. त्यात कुणी विचारलं म्हणे, याचं लोणचं होईल का.

---

बाटलीवाली

तंबाखूचं बी मागवते. ब्राह्मी शेडनेटच्या कडेला आहेच, नळ गळतो तिथे आपोआप पसरलीय. उद्या सकाळच्या पाळीला केळीच्या बाटल्यांआधी तिची दहा पानं लावून बघते. बीएपी किती घालू, अर्धा मिलिग्रॅम की एक?

---

पाषाण रिटर्न

दोन्ही लावा, पाच-पाच बाटल्या. आणि पानं नळाखालची आहेत तर मर्क्युरिक क्लोराइडच्या आधी वाहत्या पाण्यात अर्धा तास ठेवा, नाहीतर चौथ्या दिवशी बुरशीचे फोटो टाकाल इथे.